चौतीसचं नरसाळं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते हे, की एका खाटकाची गाडी डोंगरावर नेली आणि परत आणली.

शनिवार होता. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मागं ओडेनवाल्डचा डोंगर लागतो आणि त्यावर वळणावळणाचा एक रस्ता चढतो. मी ज्या गॅरेजात होतो तिथं जोरकस इंजिनाची कुठलीही गाडी हातातून गेली की ती या रस्त्यानं वर जाऊन यायची. चालवायला मी, आणि शेजारी माझी बायको हौसा. तिनं लुगड्यावर माझा जुना लोकरीचा कोट चढवलेला, पाय आखडून घेतलेले, एक हात समोरच्या फळीवर पालथा ठेवलेला. तिचं काम ऐकायचं. मी काटा बघायचा, तिनं गाडीचा श्वास बघायचा. इंजिन कुठं अडखळलं की ती म्हणायची, "ठसकली." बास, तेवढंच.

त्या दिवशी पहिल्याच वळणाला म्हणाली, "ठसकली."

"बरं."

"परत ठसकली. अवो, हिला पडसं झालंय का काय?"

"पडसं न्हवं. मालकाला मोठ्या नरसाळ्याची मस्ती आल्या."

धुकं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी आधी मुकी व्हायची आणि मग एकदम उडी घ्यायची, झोपल्या बैलाला आर टोचल्यासारखी. खेड्यातून जाताना चौकात बंद पडली. पंपावरचा माणूस हसला. पण वर माथ्यावर सरळ रस्ता आहे, तिथं धुकंही फाटलं, आणि मी पाय तळाला लावला. तिथं ती गाडी अशी सुटली की मला चाक दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं. हौसा हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला, खोकला आवरेना, पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "हे बगा. ह्येच्यासाठी असतंय मोठं."

 येत्या बुधवारी तिच्या काळजाचं ऑपरेशन होतं. ते करावं की करू नये यावरून आमचं उन्हाळाभर भांडण चाललं होतं, आणि ती गाडीबद्दल बोलत नव्हती हे दोघांनाही कळत होतं.

येताना तिनं एका बेकरीतून आलुबुखारचा केक घेतला. इथं त्या दिवसांत दारोदारी तोच असतो. गाडीतच खाल्ला. लाल रस सीटवर सांडला. तिनं थुंकी लावून पुसला आणि म्हणाली, "खाटकाच्या गाडीला डाग कसला दिसतोय."

ऑक्टोबर संपत आला की इथं धुकं उतरतं आणि मला ते दिवस घशाशी येतात. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. माझ्यावर त्यानं काही औषध केलं नाही. दात तेवढे नेले.

गाडीला थंडीपेक्षा ओल वाईट. भर जानेवारीत, जमीन कोरडी गोठलेली असताना, इंजिन कुरकुर न करता चालतं. पण या ओल्या, गार, अर्धवट दिवसांत कार्ब्युरेटरच्या गळ्यात आतून बर्फ धरतं, बाहेर तळ्याचं पाणीसुद्धा गोठलेलं नसतं तेव्हा. त्या काळी सकाळी खिडकी उघडली की गल्लीभर गाड्यांचं खोकणं ऐकू यायचं. आणि आत खोलीत हौसाचं. दोन्ही एकदम सुरू व्हायचं. शेजारी दोन्हींवर वैतागायचे, गाड्यांवर जरा कमी.

आताच्या गाड्या खोकत नाहीत. त्यांना कार्ब्युरेटरच नसतो. पण जुन्या गाड्यांचे शौकीन असतात ना, ते अजून मला शोधत येतात. मागं एक दाढीवाला आला, गाडी माझ्याइतकी म्हातारी, रंग मात्र नवरीसारखा. कार्ब्युरेटर किती मापाचा बसवू म्हणाला. मी विचारलं, "पाव कुठून आणतोस?" तो म्हणाला, "जवळच आहे, सायकलवर जातो." म्हटलं, "मग सायकललाच बसव."

हा प्रश्न माझा नाही, माइस्टरचा. माइस्टर म्हणजे गॅरेजचा उस्ताद आणि मालक. एका कानानं बहिरा, लढाईतला. कुणी येऊन म्हणालं की मला गाडी जोरात पळायला हवी, मोठा कार्ब्युरेटर बसवा, तर हा विचारायचा नाही की किती जोरात. विचारायचा, पाव कुठून आणता. म्हणजे रोजचा रस्ता कुठला, चढ किती, सिग्नल किती, शेजारी कोण बसतं. गिऱ्हाइकाला राग यायचा. त्याला हमरस्त्यावर गाड्या मागं टाकायच्या असायच्या, आणि हा पावाचं विचारतोय.

कार्ब्युरेटर म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. इंजिन हवा ओढतं. हवेच्या वाटेत एक नरसाळं असतं, कमरेत आवळलेलं. आवळलेल्या जागी हवा पळते, आणि पळती हवाच पेट्रोल उचलते. बोळातून वारा कसा अंगावर येतो आणि मैदानात आला की सुस्तावतो, तसं. नरसाळं रुंद घेतलं तर भरधाव इंजिनाला पोटभर हवा मिळते, पण गल्लीत हळू चालताना हवा रेंगाळते, पेट्रोल उचलत नाही, ते थेंब थेंब भिंतीला चिकटतं आणि गाडी ठसकते. अरुंद घेतलं तर खाली गाडी गोड चालते आणि वर तिचा दम तोकडा पडतो. दोन्ही सुखं एका नरसाळ्यात नाहीत. ज्याला रस्त्यावर चालवायची आहे त्यानं रोजच्या मापाचं घ्यावं, शर्यतीच्या नाही. एवढं सोपं आहे, आणि एवढं ऐकणारा माणूस मी सगळ्या जन्मात क्वचित पाहिला. माणूस आपल्या एका चांगल्या दिवसाच्या मापानं कार्ब्युरेटर निवडतो आणि बाकीचे दिवस खोकत काढतो.

मी कोल्हापूरचा. शाळा सहावीत सुटली ती सुटलीच. एका शेठच्या कारखान्यात ऑइल इंजिनं जोडायचो. शेठनं शिकून ये म्हणून जर्मनीला धाडलं, पन्नास साल उलटून गेल्यावर. मी शिकलो तोवर शेठ बुडाला. मग मी इथंच चिकटलो आणि हौसाला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा एका उशीवर झोपायची. मग दोन लागल्या, मग तीन. मग ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली. आणि गाल मात्र लाल. काळ्यासावळ्या कातडीवर जांभळट लाली चढायची. आमची घरमालकीण फ्राऊ आपेल म्हणायची, तुमच्या बायकोला इथली हवा किती मानवली, गाल बघा. बाजारातल्या बायका म्हणायच्या, काय तजेला आहे. तो आजार होता. आजारानं तिला रंगवून ठेवली होती आणि लोक कौतुक करायचे.

डॉक्टरकडे गेलो ते जोगला घेऊन. जोग पुण्याचा, इथं तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करायला आलेला. हौसाला वहिनी म्हणायचा. दर रविवारी आमच्याकडे जेवायला. आमच्यात मटण चालत नाही, असं म्हणत म्हणत हाडं फोडायचा. मी त्याला पंडित म्हणायचो, तो मला मिस्त्री. आमचं जर्मन गॅरेजपुरतं आणि बाजारापुरतं. काळजाचं जर्मन त्याच्याकडे होतं.

मोठा डॉक्टर म्हणाला, लहानपणी सांधे धरून ताप आला असणार. आला होता. त्या तापानं काळजातली एक झडप चिकटली. तीन बोटं जावीत अशी वाट असते, हिची उरली आहे ती, आणि तो एक शब्द बोलला, "क्नोप्फलोख." जोग थांबला. मग म्हणाला, "वहिनी, म्हणजे बटणाचं भोक."

"काजं व्हय?" हौसा म्हणाली. ती घरी बायकांची पोलकी शिवायची. "मग उसवायचं की."

डॉक्टरनं विचारलं, काय म्हणाल्या. जोगनं सांगितलं. डॉक्टर हसला. "गेनाऊ," म्हणाला. अगदी तसंच. छाती उघडायची, काळीज चालू असतानाच त्यात बोट घालायचं आणि चिकटलेलं उसवायचं.

मी विचारलं, "जास्त उसवलं तर?"

तर रक्त उलटं फिरतं. कमी उसवलं तर आहे तशीच राहते. आणि काहीच केलं नाही तर? तर गोळ्या घ्यायच्या, मीठ सोडायचं, ओझं उचलायचं नाही, चढायचं नाही, पोर होऊ द्यायचं नाही. मग काही वर्षं निघतात. किती, ते त्यानं सांगितलं नाही. खांदे तेवढे उडवले.

बाहेर आल्यावर जोग म्हणाला, "मिस्त्री, हे अगदी तुमच्या नरसाळ्यासारखं झालं."

"पंडित, थोबाड बंद ठेव. नरसाळं चुकलं तर मी दुसरं बसवतो."

तो त्यानंतर तीन रविवार जेवायला आला नाही. हौसा माझ्यावर चिडली, की पोराला उपाशी मारलं.

मी नको म्हणत होतो. आमचं भांडण रोज चुलीशी सुरू व्हायचं, कारण मीठ तिथं असायचं. कोल्हापूरची बाई आणि बिनमिठाचा रस्सा. ती चाटू आपटायची. मी म्हणायचो, हळू चाल, कमी खा, चार वर्षं तर चार, पण चल. ती म्हणायची, "बिनमिठाची, बिनपोराची, बिनजिन्याची. मग मला ठेवताय कशाला? फोटो काढून भित्तीला लावा."

"भिंतीला लागायची तुलाच घाई झाल्या."

"लागल्यावर हार तरी रोज घालशीला. आता कोण घालतंय."

असलं बोलायचो आम्ही. जोगला वाटायचं, आता भांडी उडणार. उडायची नाहीत. तिला तेवढा दम नव्हता, आणि तो नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी जास्त बोलायचो.

आता खाटकाचं सांगतो. त्याचं नाव लुत्स. मानेवर घड्या, बोटं केळ्यांसारखी, आणि गाडी इटलीची, लाल, तेराशे सीसीची, दोन माणसांची. त्यात लुत्स एकटाच भरायचा. त्याला आधी सबंध कार्ब्युरेटरच मोठे हवे होते, पंचेचाळीस मिलिमीटरचे. शर्यतवाल्यांकडं बघितलेले. माइस्टरनं त्याला कसाबसा चाळीसवर आणला, तर आता आतलं नरसाळं चौतीसचं द्या म्हणून बसला. त्या इंजिनाला रस्त्यासाठी तीसचं रास्त. चार मिलिमीटरचा फरक. नख धरा, तेवढा. पण त्या नखाएवढ्यात सगळं येतं.

माइस्टरनं आपला प्रश्न विचारला. लुत्स म्हणाला, "पाव? बेकर माझ्या शेजारीच आहे. चालत जातो."

"मग गाडी कशाला?"

"बेकरनं बघावी म्हणून."

माइस्टर माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बसव चौतीस. खोकला त्याच्या गाडीला होईल, आपल्याला नाही." मी म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, "बरोबर कुणी मागितलंय?" हे वाक्य मी पुढं कितीतरी ठिकाणी वापरलं.

गाडी पहिल्यांदा आणली तेव्हाच लुत्सनं हौसाला शेजारच्या सीटवर बसलेली बघितली आणि मला विचारलं, "ही कोण? वाळूचं पोतं?" वजनासाठी पोतं ठेवायची पद्धत आहे, त्यावरून. एवढं जर्मन हौसाला येत होतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मी पोतं, तू बैल. अख्खा." लुत्स इतका हसला की त्याला धरावं लागलं. तेव्हापासून तो तिच्यासाठी मेंढराचं काळीज-यकृत बाजूला ठेवायचा. कलेजीनं रक्त वाढतं, म्हणायचा. हौसा मसाल्यात घोळून परतायची, आणि फ्राऊ आपेल खालून ओरडायची की माझ्या पडद्यांना वास लागतो.

तर एका दुपारी आम्ही दोघं त्याच्या दुकानात गेलो. दुकानात बायकांची रांग. लुत्सला तिच्या काळजाचं कळलेलं होतं. गॅरेजात सगळ्यांना सगळं कळायचं. त्यानं रांग सोडून आम्हाला पुढं बोलावलं, मागून डुकराचं एक काळीज आणलं, फळीवर ठेवलं आणि सुरी घातली. दोन घावांत उघडलं. माणसाचंही असंच असतं, एवढंच, म्हणाला. मग आतली झडप सुरीच्या टोकानं दाखवली आणि हौसाला म्हणाला, "हे दार. घाल बोट."

रांगेतल्या बायकांनी तोंडं फिरवली. एक तर पिशवी तिथंच टाकून बाहेर गेली. मी म्हटलं, "लुत्स, पुरे." तो चेष्टा करत होता की समजावत होता, मला सांगता येणार नाही. त्यालाही त्यातला फरक कळत नसावा.

हौसानं बांगड्या वर सारल्या आणि बोट घातलं. मग दुसरं. मग तिसरं, जरा दाबून. ते पण गेलं.

"तीन जात्यात," मला म्हणाली, मराठीत. मग लुत्सकडं बघून आपल्या छातीवर हात ठेवला आणि भुवया उडवल्या. माझ्यात किती? लुत्सनं तिच्या करंगळीचं नख आपल्या चिमटीत धरलं आणि दाखवलं. एवढं.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली, डुकराच्या काळजात तीन बोटं घालून.   मग तिनं बोटं काढली, लुत्सच्याच कमरेला बांधलेल्या कापडाला पुसली, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "डुकराला तीन बोटं आन मला काजं. मी जाणार ऑपरेशनला."

"डुक्कर मेलंय, हौसा."

"मेलंय. पर भरल्या दमानं मेलंय."

लुत्स विचारत राहिला, काय म्हणाली, काय म्हणाली. मी सांगितलं नाही. त्यानं ते काळीज कागदात गुंडाळून तिला दिलं. संध्याकाळी तिनं ते शिजवलं. गावाकडं रानडुक्कर खाल्लं होतं, हे पाळलेलं पहिल्यांदाच. तिनं त्यात मीठ घातलं, माझ्या डोळ्यांत बघून घातलं. आम्ही खाल्लं. चांगलं झालं होतं.

त्यानंतर भांडण मिटलं. मी हरलो म्हणून नाही. तिनं भांडायचंच सोडलं. जिंकलेलं माणूस जसं गोड वागतं तशी ती वागायला लागली, आणि ते मला भांडणापेक्षा जड गेलं. परत आल्यावर काय काय करायचं ते बोलायची. जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढायच्या. पोर झालं तर इथंच वाढवायचं का नाही. इथं वाढलं तर आपल्याशी जर्मनमध्ये बोलेल, मग आपण भांडायचं कशात. मी हं हं करायचो. तिच्या डोळ्यांपुढं तो माथ्यावरचा सरळ रस्ता होता. माझ्या डोळ्यांपुढं चौक होता, जिथं गाडी बंद पडते.

एखादा म्हणेल, म्हातारा शहाणा होता, बायकोनं ऐकलं नाही. तसं काही नव्हतं. तीसच्या नरसाळ्यानं ती किती वर्षं चालली असती? दोन? पाच? बसल्या बसल्या झोपून? मला ती जिवंत हवी होती, एवढंच माझं शहाणपण. ती कशी जिवंत राहील हे तिनं बघायचं होतं, मी नाही. मला आजही कुणी विचारलं तर मी नकोच म्हणेन. आणि तिला विचारलं तर ती जाणारच म्हणेल. मेल्यावरही आमचं जमणार नाही.

बुधवारी सकाळी मी इस्पितळात गेलो तर नर्सनं दारातूनच परत पाठवलं. भेटीची वेळ नाही. आत चाकांच्या खाटेवर कुणाला तरी नेत होते, ती होती की दुसरी ते दिसलं नाही. मी गॅरेजात आलो आणि कामाला लागलो. दुसरं काय करणार होतो? दुपारी फोन वाजला. माइस्टरनं चांगल्या कानाला लावला, ऐकलं, ठेवला आणि म्हणाला, "जा." मी हात धुतले. ग्रीस निघत नाही, तरी धुतले.

जोग माझ्याआधी पोचला होता. डॉक्टर बाहेर आला. तोच मोठा डॉक्टर. तो उभ्यानं बोलला आणि जोग त्याच्या मागं मागं मराठी करत गेला. झडप उघडली. छान उघडली. तीन बोटं. उलटं फिरत नव्हतं, रक्त थेट जात होतं. मग? मग अरुंद वाटेच्या मागं वर्षानुवर्षं रक्त साचून राहतं, त्यात एक गुठळी बसलेली होती. वाट मोकळी झाली आणि गुठळीही मोकळी झाली. ती डोक्यात गेली. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं. सांगितलं होतं, खरं आहे. शेवटी डॉक्टर एक वाक्य बोलला आणि जोगनं त्याचं मराठी केलं नाही. भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. करायची गरजही नव्हती, ते मला कळलं होतं. उघडलेलं माप गेनाऊ बरोबर होतं. डॉक्टर ते दोनदा म्हणाला. त्याचाही त्यात काही दोष नाही. आपलं काम नीट झालं होतं, ते कुणाला तरी सांगावं असं त्यालाही वाटलं असेल.

मला आत सोडलं. तिच्या गालावरची लाली गेली होती. ती इथं आल्यापासून पहिल्यांदाच तिचे गाल तिच्या रंगाचे दिसत होते.

लुत्सची गाडी मात्र चालली. चौतीसच्या नरसाळ्यावर चालली, सगळा हिवाळा खोकत, फटाके उडवत, चौकाचौकात बंद पडत. बेकर बघायचा. लुत्सनं ते माप कधी बदलून मागितलं नाही आणि मीही काढलं नाही. त्यानं ती गाडी पुढं कितीतरी वर्षं चालवली, मग मुलाला दिली, आणि स्वतः भरपूर चरबी खाऊन, भरपूर हसून, ऐंशी ओलांडून झोपेत गेला. तिची झडप बरोबर आणि ती गेली. त्याचं नरसाळं चूक आणि तो राहिला. कुणाला यात काही अर्थ दिसत असेल तर त्यानं तो आपल्या घरी ठेवावा. माझ्याकडे आणू नये. मी मापं देतो अजून, तीस म्हणून सांगतो, पण बरोबर माप घेतलं म्हणजे गाडी घरी पोचते असं त्या दिवसापासून कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राऊ आपेलनं दार वाजवलं. काळा स्वेटर घातला होता. हात हातात घेतला, इथं म्हणतात ते दुखवट्याचे दोन शब्द म्हणाली, आणि मग तिची नजर आमच्या दाराच्या मुठीवर गेली. तिथं पुठ्ठ्याची एक पाटी लटकत होती. इथं प्रत्येक मजल्याची जिना पुसायची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी.

"या आठवड्यात तुमची आहे," ती म्हणाली. "उद्या केलंत तरी चालेल."

"आत्ता करतो," मी म्हणालो.

बादली मोरीत होती, फडकं काठावर वाळत घातलेलं. मी वरून सुरुवात केली. मला जमत नव्हतं. पाणी जास्त झालं, ओघळ खालच्या मजल्यापर्यंत गेले. फ्राऊ आपेल आपल्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

"पिळा जरा," ती खालून म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्या बायकोचं उलटं होतं. पाणीच वाजायचं नुसतं."

मला कळलं नाही. मी थांबलो.

"म्हणजे असं, तिला वाकून पुसणं झेपत नव्हतं. चार पायऱ्या पुसायची आणि बसायची. बसल्या बसल्या बादलीत फडकं खळखळवत राहायची, मला वाटावं की काम चाललंय. मग परत चार पायऱ्या. मी आत बसून ऐकायचे. पाणी वाजतंय आणि फडकं फिरत नाही, ते कळतं की."

"ती मला म्हणायची, आमची पाळी आपेलबाई करतात."

"मी कशाला करेन? पाळी तिची होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? जिना स्वच्छ असायचा."

ती आत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

मी दमलो नव्हतो. चांगला धडधाकट होतो त्या वयात. तरी मधल्या पायरीवर बसलो, बादली पुढ्यात ओढली, आणि हात घालून फडकं पाण्यात खळखळवत राहिलो. बराच वेळ. खालचं दार तसंच लोटलेलं होतं. मग उठलो आणि राहिलेल्या पायऱ्या पुसून काढल्या.